अडलेलं गाणं मैत्रिणीकडे कसं न्यावं

गाणी करणाऱ्या कुणाचाही फोन उघडून बघा. 'नवीन रेकॉर्डिंग', 'चाल, घाईत', 'हे नक्की पूर्ण कर' अशा नावांच्या फायलींची रांग असते. बहुतेकींत मुखडा असतो, त्यापुढे थोडं 'ना ना ना' असतं आणि मग फाइल संपते. अंतऱ्याचा पत्ता नसतो. ही गाणी एकट्याने तडीस जात नाहीत, याचं माझ्या मते कारण साधं आहे. त्या दोन ओळी आपण इतक्यांदा म्हणून बघितलेल्या असतात की आपल्याला त्या ऐकूच येत नाहीत. तिथे दुसऱ्याचा कान लागतो. तो कुणाचा घ्यायचा, त्याला काय ऐकवायचं, काय विचारायचं आणि मिळालेल्यातलं काय बाजूला ठेवायचं, हे इथे लिहितेय. मी स्वतः शब्द लिहिते आणि चालही पेटीवर लावते. गिटारवाल्यांनी सुरांच्या जागी कॉर्ड वाचली तरी चालेल.

आधी नक्की काय अडलंय ते ठरवा

'अगं, गाणं अडलंय' एवढंच सांगितलंत तर समोरची व्यक्ती उगाच धीर देत बसेल. आधी स्वतःशी ठरवा. शब्द आहेत आणि चाल पुढे जात नाही? चाल आहे आणि शब्द सुचत नाहीत? की दोन्ही आहे, पण अंतऱ्यावरून मुखड्यावर येताना खड्ड्यात पाय गेल्यासारखं होतंय?

आणखी एक प्रकार आहे, आणि तोच सगळ्यात चिवट. मुखड्यातच सगळं सांगून झालेलं असतं आणि अंतऱ्यासाठी काही उरलेलंच नसतं. हा रोग शब्द न सुचण्याच्या वेषात येतो. माणूस यमकं शोधत बसतो, पण यमकं कमी पडलेली नसतातच. ओळखायचं कसं? मुखड्यात नाही असं अंतऱ्यात काय आहे, ते एका साध्या वाक्यात बोलून बघा. वाक्य जमलं नाही तर यमकांचा नाद सोडा आणि फोन उचला.

कुणाला विचारायचं

गाणारीच मैत्रीण हवी असं मुळीच नाही. माझ्या ज्या मैत्रिणीमुळे माझी निम्मी गाणी पुरी झाली, तिला सा लावता येत नाही. पण तिला एक फार उपयोगी खोड आहे. गोष्ट अर्धवट राहिली की तिला चैन पडत नाही. 'मग?' हा तिचा आवडता शब्द. शब्द अडले असतील तर अशी व्यक्ती शोधा. चाल किंवा लय अडली असेल तर तालवाद्य वाजवणाऱ्याकडे जा. गायकाकडे नंतर. गायक स्वतःच्या गळ्याच्या जोरावर अवघड जागाही निभावून नेतो, आणि दोष झाकला जातो.

तिघांना टाळा. पहिला, सगळ्याला 'मस्त, एकदम भारी' म्हणणारा. दुसरा, दोन मिनिटांत स्वतःचं गाणं काढून बसणारा. तिसरे आपले गुरू. हे शेवटचं काहींना पटणार नाही, पण अर्धं गाणं घेऊन गुरूंसमोर बसलं की आपण परीक्षेला बसतो. ते सूर दुरुस्त करतात, आपण मान डोलावतो, आणि गाण्यात पुढे काय घडतं हा प्रश्न निघतच नाही. पूर्ण झालेलं गाणं त्यांच्याकडे जरूर न्या.

एका वेळी एकच व्यक्ती. चौघांच्या ग्रुपवर क्लिप टाकलीत तर चार मतं येतील आणि तुम्ही मतमोजणी करत बसाल.

ऐकवायचं कसं

प्रस्तावना नको. 'हे अजून कच्चं आहे हं', 'आवाज बसलाय', 'हे मी अमुक प्रसंगावर लिहिलंय' यातलं काहीही नको. प्रसंग सांगितलात की ऐकणारा गाण्यात नसलेलं स्वतः भरून घेतो, आणि मग नेमकं काय कमी आहे ते त्याला कळत नाही. शब्दांचा कागदही आधी हातात देऊ नका. गाणं कानांनी ऐकायचं असतं. कागद दिला की डोळा पुढे पळतो.

एकदा गाऊन दाखवा. जिथे शब्द नाहीत तिथे काहीबाही शब्द घालून गा, थांबू नका. डमी शब्दांची लाज बाळगायचं कारण नाही. बीटल्स या इंग्लिश बँडमधला पॉल मॅकार्टनी 'येस्टरडे'ची चाल सुचल्यावर बरेच दिवस ती 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' अशा शब्दांवर गात होता. शिवाय ही चाल कुणाची तरी ऐकलेलीच तर नाही ना, हे तो ओळखीच्या लोकांना विचारत फिरला. मित्राचा हाही एक उपयोग आहे. फार सहज आलेली चाल एकदा दुसऱ्याच्या कानावर घालून खात्री करून घ्यावी.

गाऊन झालं की पुढचे प्रश्न, आणि याच क्रमाने. कोण कुणाशी बोलतंय? काय घडलंय? तुझं लक्ष कुठे उडालं? 'आवडलं का?' हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर मैत्रीतून येतं आणि गाण्याच्या काही कामाचं नसतं.

मग विषय बदला. दहा-पंधरा मिनिटं भलत्याच गप्पा मारा आणि मधेच म्हणा, 'मगाचं जे आठवतंय ते म्हणून दाखव.' बेसूर म्हटलं तरी चालेल. ती जे चुकीचं म्हणेल त्यावर कान ठेवा. ऐकणारा माणूस अवघड वळणं नकळत सरळ करतो, जड शब्दाच्या जागी बोलीतला शब्द घालतो आणि नको असलेली ओळ विसरून जातो. माझ्या एका चालीत मी गंधारावरून थेट तार षड्जावर, म्हणजे 'ग'वरून वरच्या 'सा'वर, उडी घेतली होती आणि त्या उडीवर फार खूश होते. मैत्रिणीने ती जागा पायरी-पायरीने चढत म्हटली. तिचीच ठेवली. उडी मी पुढच्या गाण्यात वापरेन, काय घाई आहे?

या सगळ्या वेळात फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, तिला सांगून. का ते आता कळेल.

एक गाणं सुटताना

माझा मुखडा असा होता:

दार लोटून गेलास, कडी लागली नाही
वारा येतो, वारा जातो, तुझं येणंच नाही

अंतऱ्यात आठवणींची गर्दी, अश्रूंचा पाऊस आणि त्यात भिजणारी नायिका असा ऐवज गोळा झाला होता. चालीत चपखल बसत होता, सुरात होता, आणि ऐकताना माझ्या मैत्रिणीने शांतपणे फोनवरचे मेसेज वाचून घेतले. गाणं संपल्यावर तिने विचारलं, 'मग आता रात्री कडी कोण लावतं?'

मी म्हटलं, अगं, ते गाण्यात नाही.

'गाण्यात नाही ते कळलं. पण ती बाई रोज रात्री झोपते ना? मग दाराचं काय करते?'

मला उत्तर माहीत असावं असं तिने गृहीतच धरलं होतं, त्यामुळे मी बोलायला लागले. कडी ती लावत नाही. लावली तर तो यायचा नाही असं काहीतरी तिच्या मनात आहे. पण उघड्या दारात झोपायची भीतीही वाटते. म्हणून खुर्ची लावून ठेवते दाराला. कुणी ढकललं तर खुर्ची वाजेल.

इथे रेकॉर्डिंग उपयोगी पडतं. बोलण्याच्या भरात आपण जे सांगतो ते आपल्याला अंतऱ्यातलं वाटतच नाही. गाण्यात नसलेली माहिती वाटते. घरी येऊन ऐकलं तेव्हा अंतरा जवळजवळ तयारच होता:

रोज रात्री दारापाशी खुर्ची ठेवते मी
वाजली की जागी होते, दिवा लावते मी

मैत्रिणीने यातला एकही शब्द दिलेला नाही. अशी मदत मागावी. 'मला एक ओळ सुचव ना' म्हटलं की समोरचा माणूस कवी व्हायला जातो, चंद्र-चांदणं आणतो, आणि ती ओळ नाकारताना दोघांनाही अवघडतं. त्याऐवजी म्हणा, 'गाण्यातल्या माणसाबद्दल तुला काय जाणून घ्यायचंय ते विचार.' प्रश्न विचारायला कुणीही तयार होतं, आणि तुम्ही दिलेल्या उत्तरांत तुमचेच शब्द असतात.

उत्तरं देताना एक पथ्य पाळा. भावना सांगू नका, वस्तू आणि हालचाली सांगा. 'तिला एकटं वाटतं' यातून पुढे काही निघत नाही. ती कुठे बसते, कशाला हात लावते, कुठला आवाज ऐकून उठते, यातून ओळी निघतात.

मुखड्यात ओळीच्या दोन भागांची अक्षरं आठ आणि सात आहेत, अंतऱ्यात आठ आणि सहा. ते एक अक्षर मी मुद्दाम भरलं नाही, कारण त्याच्या जागेत शेवटचा 'मी' लांबवता येतो. अक्षरं मोजावीत, पण सगळी खोली सामानाने भरू नये.

तिने आणखी एक गोष्ट केली. नवा अंतरा ऐकून झाल्यावर मी सवयीने मुखड्याच्या पहिल्या ओळीवर आले तर ती म्हणाली, 'दिवा लावल्यावर तिला काय दिसतं?' दिसणार काय, कुणीच नाही, वाराच होता. म्हणजे अंतऱ्यानंतर 'दार लोटून गेलास'वर यायचंच नाही, सरळ 'वारा येतो, वारा जातो'वर यायचं. त्या ओळीला आता दुसराच अर्थ आला होता. दुसऱ्या अंतऱ्यासाठी मी बरेच कागद खराब केले होते, त्यांची गरजच उरली नाही. खुर्ची दार बंद राहावं म्हणून आहे की तो आल्याचं कळावं म्हणून, हेही तिने विचारलं. त्याचं उत्तर मी तिला दिलं नाही आणि गाण्यातही घातलं नाही.

चाल अडली असेल तर

आता तबलेवाल्या मित्राकडची गोष्ट. त्याला मी वरचाच मुखडा म्हणून दाखवला, तर त्याने विचारलं, 'काडी लागली नाही म्हणजे? पेटली नाही?' मी 'कडी'तल्या 'क'वर एक मात्रा जास्त थांबत होते. ऱ्हस्व अक्षर ताणलं की ते दीर्घ ऐकू येतं, आणि माझ्या कडीची काडी झाली होती. लिहिणाऱ्याला हे ऐकू येत नाही, कारण त्याला शब्द आधीच माहीत असतो. उपाय असा, की मित्राला ओळ गद्यात वाचायला लावायची, रोजच्या बोलण्यासारखी. तो कुठल्या अक्षरावर थांबतो, कुठे श्वास घेतो, कुठला शब्द ढकलून पुढे जातो ते बघायचं आणि चालीतले लांब सूर तिथे न्यायचे. 'क' आखूड होऊन काडीची परत कडी झाली, की 'लागली'तला 'ला' लांबवायला मोकळा होतो.

त्यानंतर ठेका बदलून बघा. गाणं केरव्यात, म्हणजे आठ मात्रांत, अडलं असेल तर त्याला सहा मात्रांचा दादरा धरायला सांगा आणि तेच शब्द त्यावर म्हणा. बहुतेक वेळा ओळ नीट बसत नाही, पण एखादा शब्द अचानक समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, येतो आणि कळतं की गाण्याचं वजन या शब्दावर आहे. मग परत केरव्यात या आणि त्या शब्दाला सम द्या. एकट्याने हा प्रयोग जमत नाही, कारण आपले हात जुन्याच ठेक्याकडे जातात.

अंतरा वर चढत नसेल तर पट्टी, म्हणजे 'सा' कुठे धरलाय ते, बघा. मुखडाच आवाजाच्या वरच्या टोकाला असेल तर अंतऱ्याला जागा राहत नाही. बाईच्या आणि पुरुषाच्या सोयीच्या पट्टीत साधारण मध्यम-पंचमाचं, म्हणजे 'सा'पासून 'म' किंवा 'प'पर्यंतचं, अंतर असतं. म्हणून गाणं दुसऱ्या प्रकारच्या आवाजाच्या मित्राला त्याच्या पट्टीत गायला द्या आणि तो अंतऱ्यात कुठे जातो ते ऐका. त्याच्यासाठी जी जागा मोकळी आहे ती तुम्हाला कधी सुचलीच नसती, कारण तुमचा गळा तिकडे वळतच नव्हता.

मुखड्यावर परत येणं जमत नसेल तर नव्वद टक्के वेळा दोष अंतऱ्याच्या शेवटच्या सुरात असतो. (नव्वद हा आकडा माझ्या चिडचिडीतून आलाय, कुणी मोजलेला नाही.) ओळ षड्जावर येऊन बसली की कानाला वाटतं, संपलं. मग मुखडा पुन्हा घेतला की गाणं नव्याने सुरू केल्यासारखं होतं. तीच ओळ पंचमावर सोडा, किंवा मुखडा षड्जापासून सुरू होत असेल तर निषादावर, म्हणजे 'नी'वर. कॉर्डच्या भाषेत, पहिल्या कॉर्डवर न संपवता पाचव्या कॉर्डवर थांबा. मित्राला अंतऱ्याच्या शेवटी अचानक गप्प राहायला सांगा आणि पुढचा सूर आपोआप तोंडात येतो का बघा. आला तर पूल झाला.

आणि पूल होतच नसेल तर जागा मोकळी सोडून पुढे जा. 1967 साली बीटल्स 'अ डे इन द लाइफ' ध्वनिमुद्रित करत होते तेव्हा जॉन लेननच्या कडव्यांना मधला भाग नव्हता. पॉल मॅकार्टनीकडे झोपेतून उठून धावतपळत बस पकडण्याबद्दलचा एक वेगळाच तुकडा पडून होता. तो मधे घातला. दोन्ही जोडायचं कसं हे माहीत नसताना त्यांनी 24 बार, म्हणजे तालाची 24 आवर्तनं, नुसते मोजून मोकळे सोडले. त्यांचा सहायक मोठ्याने आकडे मोजत होता आणि शेवट कळावा म्हणून गजराचं घड्याळ वाजवलं. पुढची ओळच उठण्याची असल्यामुळे गजर तसाच राहिला, आणि मोकळ्या जागेत नंतर वाद्यवृंद आला. तेव्हा मित्राला हेही विचारा, 'तुझ्याकडे अर्धवट काय पडलंय?' दोन अडलेली गाणी एकाच पट्टीत आणून एकापाठोपाठ म्हणून बघायला काहीच लागत नाही. बहुधा जमत नाही. जमलं तर फार मजा येते.

लांबून करायचं असेल तर

व्हिडिओ कॉलवर एकत्र गाऊ नका. आवाज पोचायला जो क्षणभर उशीर होतो तेवढ्याने ताल मोडतो. शिवाय कॉलची ॲप तानपुऱ्याला किंवा पेटीच्या लांब सुराला गोंगाट समजून कापून टाकतात. 'मूळ आवाज' ठेवायची सोय असेल तर ती चालू करा, नाहीतर कॉल फक्त गप्पांसाठी ठेवा. गाणं व्हॉइस नोटवर पाठवा, अर्ध्या मिनिटाहून मोठी नको, आणि खाली एकच प्रश्न. मात्रा मोजून पाठवणार असाल तर लय क्लिकवर, म्हणजे एकाच वेगाने पडणाऱ्या टिकटिक ठोक्यावर, बांधून घ्या, म्हणजे त्याने परत पाठवलेला तुकडा तुमच्या तुकड्यावर बसेल.

नको ते कसं सांगायचं

मित्राने सुचवलेलं एकदा तरी पूर्ण गाऊन बघा, त्याच्यासमोर, मनापासून. गाऊन बघितल्यावर दिलेला नकार लागत नाही. नकार देताना त्या ओळीला नावं ठेवू नका, गाण्यातल्या माणसाचं नाव पुढे करा: 'ही बाई असं बोलणार नाही.' यावर वाद होत नाही, उलट ती कशी बोलेल हा पुढचा प्रश्न निघतो. दुसरं म्हणजे मित्राने जिथे बोट ठेवलं ती जागा जवळजवळ नेहमी बरोबर असते, त्याने सुचवलेली दुरुस्ती मात्र बरेचदा चालत नाही. जागा लिहून घ्या, दुरुस्ती स्वतः करा. आणि तो थकला की थांबा. तासाभरानंतर सगळ्यांनाच सगळं बरं वाटायला लागतं.

नाव कुणाचं

हे बोलायला अवघड जातं, म्हणून ते त्याच आठवड्यात बोलून टाका. माझा हिशोब असा आहे: प्रश्न विचारले, बोट ठेवलं, ठेका बदलून दिला, तर आभारांत नाव. गाण्यात राहिलेली ओळ किंवा चालीचा ओळखता येईल असा तुकडा दिला, तर गीतकार किंवा संगीतकार म्हणून नाव आणि पैशांत वाटा. कायदाही साधारण याच रेषेने जातो. कॉपीराइट नुसत्या कल्पनेला मिळत नाही, प्रत्यक्ष शब्दांना आणि सुरांना मिळतो. संयुक्त कृतीच्या कॉपीराइटची मुदत बर्न करार या आंतरराष्ट्रीय करारानुसार शेवटच्या हयात कर्त्याच्या मृत्यूपासून मोजतात. म्हणजे नाव घालणं ही दोघांच्या पश्चातही चालणारी गोष्ट आहे. वाटा किती ते एका मेसेजमध्ये लिहा, समोरच्याचं 'हो' येऊ द्या, आणि तो मेसेज जपून ठेवा. खुर्चीच्या गाण्यात माझ्या मैत्रिणीचं नाव आभारांत आहे. तिला तेवढंच हवं होतं, मी विचारलं होतं. तबलेवाल्याने ध्वनिमुद्रणात वाजवलं, त्याचं वादक म्हणून नाव आहे आणि वाजवण्याचे पैसे वेगळे.